जागेवर जाऊन बघा

(कोल्हापूर येथे झालेल्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठक कोल्हापुरात ठेवली तेव्हा आपल्यातल्याच काहींनी विचारलं, कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू माणसानं उसाच्या मुलखात जाऊन काय ऐकायचं? त्यांच्याकडं पंचगंगा आहे, शाहू महाराजांनी काम सुरू केलेलं राधानगरीचं धरण आहे, साखर कारखाने आहेत. आपल्याकडं मृगाचा पाऊस आला तर आला, नाही तर दुबार पेरणी. प्रश्न बरोबर आहे. पण आज आम्ही उसाचं काही सांगणार नाही. या जिल्ह्यात उसाइतकंच आणखी एक पीक जोरात आलं, ते म्हणजे कादंबऱ्या लिहिणारी माणसं. त्यांच्याकडून कोरडवाहू शेतकऱ्यानं एक गोष्ट उचलावी, एवढंच सांगायला आम्ही उभे आहोत. ती गोष्ट अशी, की ज्या जागेबद्दल लिहायचं ती जागा आधी डोळ्यांनी बघायची.

कादंबरीचं नाव ऐकून हसू नका. कादंबरी वाचून कापसाला दहा रुपये जास्त मिळत नाहीत, हे आम्हालाही माहीत आहे. पण शेवटपर्यंत ऐका, मग ठरवा.

कुरुक्षेत्राला गेलेला शिक्षक

याच जिल्ह्यातल्या आजऱ्याचे शिवाजी सावंत. कोल्हापुरात राजाराम हायस्कूलमध्ये मुलांना शिकवत होते. त्यांनी कर्णाच्या आयुष्यावर ‘मृत्युंजय’ ही कादंबरी लिहिली. ती १९६७ साली आली, तेव्हा त्यांचं वय होतं सत्तावीस. महाभारत घरोघरी ऐकलेलं, पोथ्या उपलब्ध, कर्णाचं युद्ध तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मास्तरांना घरात बसून लिहिता आलं असतं आणि कुणी जाब विचारला नसता. तरी हा माणूस दीड हजार किलोमीटरांहून लांब, हरियाणातल्या कुरुक्षेत्राला गेला. ज्या रानात कर्णाच्या रथाचं चाक रुतलं असं सांगतात, ते रान त्याला बघायचं होतं.

कुरुक्षेत्र हे नावच मुळात शेताचं आहे. कुरू राजानं ती जमीन नांगरली म्हणून ते कुरूचं क्षेत्र, अशी महाभारतातलीच कथा आहे. आणि चाक रुतणं म्हणजे काय, हे ज्यानं भर पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडी घातली आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. नोकरदार मास्तराला ते जाऊन बघावं लागलं. त्यानं बघितलं, हा त्याचा मोठेपणा.

दुसरे विश्वास पाटील, तेही याच जिल्ह्यातल्या नेर्ल्याचे. त्यांची ‘पानिपत’ १९८८ साली आली. त्यासाठी त्यांनी कागदपत्रं तर वाचलीच, पण पानिपतच्या परिसरात जाऊन ती जमीनही पायाखाली घातली. १४ जानेवारी १७६१ ची ती लढाई आपण सगळे तलवारींची म्हणून ऐकतो. शेतकऱ्यानं ती दाण्यांची म्हणून ऐकावी. १७६० च्या नोव्हेंबरपासून मराठ्यांची छावणी पानिपतला अडकून पडली होती. डिसेंबरात रसद पाठवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले, धान्य येण्याच्या वाटा बंद झाल्या, माणसं आणि जनावरं उपाशी राहू लागली. शेवटी उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून फौज बाहेर पडली. तोफा किती होत्या हे कागदावर सापडतं. लाखभर पोटांना ज्वारी-गहू कुठल्या वाटेनं येणार, नदी कुठं आडवी येते, हे जागा बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही.

हेच विश्वास पाटील महसूल खात्यात अधिकारी होते. धरणाखाली गेलेल्या माणसांवर त्यांनी ‘झाडाझडती’ लिहिली. १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. जमीन घेणाऱ्या सरकारच्या बाजूला बसलेला माणूस जमीन गेलेल्यांच्या घरात डोकावला, म्हणून ते पुस्तक झालं.

ज्याला कुठं जावंच लागलं नाही

तिसरे आनंद यादव. कोल्हापूरहून दक्षिणेला हमरस्त्यानं निघालं की कागल लागतं, तिथले. यांना बघायला कुठं जावं लागलं नाही, कारण त्यांच्या कादंबरीची जागा म्हणजे त्यांचं स्वतःचं घर आणि घरानं कसलेला मळा. ‘झोंबी’ १९८७ साली आली, १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शाळेसाठी तळमळणारा कुळवाड्याचा पोरगा आणि शाळा सोडवून त्याला मळ्यात जुंपणारा बाप, अशी ती झोंबी आहे. म्हशी राखताना हा पोरगा म्हशीच्या पाठीवर काडीनं कविता लिहितो. कागद नव्हता, पाठ होती. या कादंबरीचा एक भाग ‘जूझ’ या नावानं हिंदीत गेला आणि बारावीच्या हिंदीच्या पुस्तकात देशभरच्या मुलांनी वाचला.

त्यात एक गोष्ट आहे, ती आपण बाजाराच्या दृष्टीनं बघावी. पोराचा बाप इतरांच्या आधी गुऱ्हाळ लावतो. लोक म्हणतात, ऊस अजून उभा राहू द्या, रस दाट होईल, गूळ जास्त पडेल. बाप म्हणतो, सगळ्यांची गुऱ्हाळं सुरू झाली की बाजारात गुळाचा ढीग पडणार आणि भाव उतरणार. आता सांगा, दसऱ्याच्या तोंडावर ओला कापूस बाजारात नेणारा आपला माणूस याहून वेगळा विचार करतो का? देणेकरी दारात, दिवाळी डोक्यावर, आणि पुढं आवक वाढली की भाव पडणार ही भीती. अर्थशास्त्राची पुस्तकं याला काहीही म्हणोत, ज्यानं तो मळा आतून बघितला त्यालाच हे लिहिता आलं.

याच यादवांनी १९७१ साली ‘गोतावळा’ लिहिली. मळ्यावर राबणारा नारबा नावाचा गडी. जनावरं, पाखरं, झाडं हाच त्याचा गोतावळा. मग मळ्यात यंत्र येतं, ट्रॅक्टर येतो, बैलांची गरज संपते आणि त्यांच्याबरोबर नारबाचीही. पन्नासांहून जास्त वर्षं झाली त्या पुस्तकाला. आज आपल्या गावात किती दावणी रिकाम्या आहेत, ते घरी गेल्यावर मोजा.

आणि कोरडवाहू मुलखाचं कुणी लिहिलंच नाही, असंही नाही. व्यंकटेश माडगूळकर माणदेशचे, लहान वयात तिथंच त्यांनी मास्तरकी केली. त्यांच्या ‘बनगरवाडी’त, १९५५ सालच्या, धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर येतो, लोकांत मिसळतो, तालीम उभी राहते, आणि मग पाऊस पाठ फिरवतो. मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. कापसाच्या मुलखातल्या बुलढाण्याचे सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ २००२ साली आली, २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकलेला पोरगा, नोकरी नाही, शेतीत राम नाही आणि घरात रोजची धुसफूस. हे त्यांना दुसऱ्याच्या शेतात जाऊन बघावं लागलं नाही, तो मुलूखच त्यांचा.

आता आपल्या शेताकडं वळू

भावांनो, इतकं सगळं सांगण्याचं कारण आता येतं. हजारो वर्षांपूर्वीच्या कर्णाचं चाक कुठं रुतलं हे बघायला एक मास्तर कुरुक्षेत्राला जातो. आणि तुमचं-आमचं जिवंत पीक, या वर्षाचं, या हंगामाचं, ते बुडालं की नाही हे ठरवायला किती माणसं बांधावर येतात?

पैसेवारीचं बघा, जिला आपण अजून आणेवारी म्हणतो. गावातलं पीक प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत किती आलं, ते पैशात सांगायचं. पन्नास पैशांच्या आत आली तर गाव टंचाईत, सवलतींना पात्र. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. नावातच ‘नजर’ आहे. पण ती नजर कुठून टाकली? रस्त्याच्या कडेच्या वावरावरून की नाल्यापलीकडच्या बरड रानावरून? एकाच गावात गाळाची जमीन आणि मुरमाड जमीन असते. एकच पाऊस एका वावराला पोसतो आणि दुसऱ्याला करपवतो. दुरून डोंगर साजरे, तसं दुरून पीकही साजरं.

कपाशीचं तर विचारूच नका. २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं आपल्याला धुऊन काढलं. त्या वर्षी बांधावरून बघणाऱ्याला पऱ्हाटी हिरवीगार दिसत होती, बोंडंही लागलेली. बोंड हातात घेऊन फोडलं की आत अळी आणि कवडी. जो वावरात उतरला नाही, ज्यानं बोंड फोडलं नाही, त्याला नुकसान दिसलंच नाही. ज्वारीचंही तसंच. कणसं भरली, कापणीच्या तोंडावर पाऊस लागला आणि दाणा काळा पडला. वजन काट्यावर जवळजवळ तेवढंच भरतं, भाव मात्र अर्ध्यावर येतो. कागदावर उत्पन्न आलं, घरात काही आलं नाही.

२०१६ साली पंतप्रधान पीक विमा योजना आली. २०२३ च्या खरिपापासून महाराष्ट्रात शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा असं झालं आणि २०२५ साली ते बंदही झालं. रुपया असो की हजार, मूळ गोष्ट अशी की उत्पन्नावरची भरपाई महसूल मंडळाच्या सरासरीवर ठरते. ती सरासरी पीक कापणी प्रयोगातून निघते. मंडळातले मोजके तुकडे निवडायचे, ठरलेल्या मापानं आखायचे, तेवढ्यातलं पीक काढून तोलायचं. कापसाला तर एक वेचणी करून भागत नाही, प्रत्येक वेचणीला त्याच तुकड्यावर जाऊन तोलावं लागतं. पहिली वेचणी तोलली आणि पुढच्या अंदाजानं लिहिल्या, तर सगळ्या मंडळाचं नशीब अंदाजावर. तुमचं वावर त्या प्रयोगात नसेल, पण तुमचा पैसा त्याच प्रयोगावर अवलंबून आहे. मग तो प्रयोग कुणाच्या शेतात, कोणत्या दिवशी झाला, हे गावाला माहीत नको का?

दुष्काळ जाहीर करण्याची रीतही २०१६ च्या केंद्राच्या नियमावलीनं बदलली. पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहानं दाखवलेला हिरवेपणा, असे निर्देशांक बघायचे आणि मग निवडक दहा टक्के गावांत प्रत्यक्ष पाहणी करायची. उपग्रह वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. पण उपग्रहाला हिरवं दिसतं, आणि त्या हिरव्यात कपाशी किती, तण किती आणि बोंडातली अळी किती, हे सांगायला माणूसच लागतो.

वही, पेन आणि बांध

मग करायचं काय? मोर्चे काढू, रस्ते अडवू, ते आपल्याला येतं. पण मोर्चा संपल्यावर टेबलावर बसायची वेळ येते तेव्हा समोरचा विचारतो, आकडे कुठं आहेत? तिथं आपण गप्प होतो. त्यांच्याकडं त्यांचे आकडे असतात, आपल्याकडं आपला संताप. संतापाची नोंद इतिवृत्तात होत नाही.

जोतिराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. शेतकऱ्याचं घर, अंगावरचे कपडे, ताटातलं अन्न, डोक्यावरचं कर्ज, सगळं बघून लिहिलं. आणि लिहून ठेवून दिलं नाही, गावोगाव वाचून दाखवलं, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपुढंही वाचलं. आपल्या चळवळीचा पहिला पंचनामा तोच.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक घरात शेताची एक वही ठेवा. त्यात पेरणीची तारीख, बियाण्याची थैली किती रुपयांना, दुबार पेरणी केली तर तिचा खर्च, पाऊस कोणत्या दिवशी आला आणि किती दिवस उघडीप पडली, निंदणी, डवरणी, फवारणी, सगळं लिहा. वेचणीप्रमाणे वजन लिहा. वेचणीचा हिशेब आपल्या बायांना तोंडपाठ असतो. कोणत्या तासाला किती कापूस निघाला, कवडी किती, मजुरी किलोमागं किती, हे त्या सांगतील. वही त्यांच्याच हातात द्या. पुरुषांच्या हातात दिली तर ती पानटपरीवर विसरेल. विक्रीच्या वेळी भाव किती मिळाला आणि ओलाव्यापोटी किती कापला, तेही लिहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत ८,११० रुपये होती आणि संकरित ज्वारीची ३,६९९ रुपये. तुमच्या हातात प्रत्यक्ष किती पडले, हे फक्त तुमची वही सांगेल.

पंचनाम्याला कुणी आलं की आपला माणूस वावरात हजर हवा. सही करण्याआधी कागद वाचून घ्या. क्षेत्र, पीक, नुकसानीची टक्केवारी बघा. २०१५ पासून केंद्राच्या निकषात ३३ टक्के नुकसान ही मदतीची रेषा आहे. कागदावर ३० लिहिलं तर तुम्ही रेषेबाहेर गेलात. पटलं नाही तर सहीच्या वर आपलं म्हणणं लिहा आणि मग सही करा. प्रत मागा. घरात बसून कुणी पंचनामा भरत असेल तर चहा पाजा, आणि हात धरून शेतात न्या. मारामारी नको, शिवी नको. शेत दाखवा.

पैसेवारी ठरवणाऱ्या गावच्या समितीत सरपंच आणि शेतकरीही असतात. ते कोण आहेत हे गावाला माहीत हवं. पीक कापणी प्रयोगाचं वेळापत्रक मागा, त्या दिवशी दोन माणसं पाठवा. मिळालं नाही तर २००५ चा माहितीचा अधिकार आहे, अर्ज करा. सातबाऱ्यावर पिकाची नोंद पूर्वी तलाठी करायचे. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्यानंच वावरात उभं राहून मोबाईलवर पिकाचा फोटो काढायचा असं ठरलं. कटकट आहे, नेटवर्क मिळत नाही, म्हाताऱ्या माणसाला जमत नाही, हे सगळं खरं. गावातल्या पोरांनी म्हाताऱ्यांची पाहणी करून द्यावी. कारण जागेवर उभं राहून केलेली ती नोंद आहे, आणि नोंद नसली तर कपाशी लावलीच नव्हती असं म्हणायला वाव राहतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवा

कादंबरीकाराला एक सवलत असते. तो जागा बघतो, माणसं बघतो, आणि मग हवं ते जोडतो, नको ते गाळतो. तो त्याचा हक्क आहे. आपल्या वहीला ती सवलत नाही. दोन क्विंटल आले तर दोनच लिहायचे. नुकसान निम्मं झालं तर पाऊण लिहायचं नाही. एका माणसानं फुगवलेला एक आकडा सगळ्या गावाला खोटं पाडतो, आणि मग खरोखर बुडालेल्या विधवा बाईच्या अर्जाकडंही साहेब त्याच नजरेनं बघतो. चांगल्या वर्षाचीही नोंद करा. ज्या वहीत चांगलं वर्ष आहे, त्याच वहीतल्या वाईट वर्षावर लोक विश्वास ठेवतात.

आणि इथल्या बागायतदार भावांना एक शब्द. तुमचं आमचं वेगळं आहे असं समजू नका. २०१९ आणि २०२१ साली महापुरानं याच जिल्ह्यातला ऊस पाण्याखाली कुजला, तेव्हा तुम्हीही पंचनाम्याची वाट बघत बसला होता. आमचं पीक पाण्यावाचून जातं, तुमचं पाण्यानं गेलं. लिहिणारा हात दोघांच्याही बाबतीत तोच. आजरा-चंदगडच्या डोंगरात पावसावरची शेती करणारा तुमचाच भाऊ तर आमच्यासारखाच आहे.

मायबहिणींनो, भावांनो, या जिल्ह्यानं कुरुक्षेत्र बघून येणारा माणूस दिला, पानिपत बघून येणारा दिला, आणि म्हशीच्या पाठीवर लिहिणारा पोरगाही दिला. आपल्याला कुठं लांब जायचं नाही. आपलं कुरुक्षेत्र घराच्या मागंच आहे, दोन एकर, पाच एकर, काळं नाही तर बरड. ज्यांनी त्याचा निकाल लावायचा आहे त्यांना तिथं बोलवा. ते येईपर्यंत तुम्ही लिहीत राहा. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं निदान पाच वह्या घेऊन याव्यात. त्या आपण इथंच उघडू, बेरीज करू, आणि ती बेरीज घेऊन पुढच्या दारात जाऊ.

जय जवान, जय किसान.